जांबखेडच्या माळावर उलटलेला वारा

शिवगंगा बिरादार विमानात बसून वारा मोजते, असं म्हटलं की जांबखेडची माणसं आधी हसायची. कर्नाटकातल्या औराद तालुक्याच्या टोकाला, महाराष्ट्राच्या हद्दीला खेटून असलेलं हे गाव. तिथल्या माणसाला वारा ठाऊक होता तो तूर उफणताना लागणारा, नाहीतर वैशाखात घरावरचे पत्रे उडवणारा. तो मोजायचा कशाला, आणि त्यासाठी विमान कशाला?

शिवगंगा कंटाळा न करता सांगायची, "हवेत धूळ असती का न्हाई? ती वाऱ्याबरोबर पळती. आमी विमानातून खाली उजेड सोडतो, लेसरचा. डोळ्याला दिसत न्हाई तसला. तो धुळीवर आपटून परत येतो. धूळ आपल्याकडं यायली असंल तर त्या उजेडाचा रंग इतकुसा बदलतो, लांब जायली असंल तर दुसऱ्या तऱ्हेनं बदलतो. हॉर्न वाजवत बस अंगावर येताना आवाज चढतो, पुढं गेली की उतरतो, तसंच. त्यावरनं वारा किती जोराचा आन कुण्या दिशेचा, ते कळतं."

"आन ढगाला काय करता?"

"ढगाला काहीच करत न्हाई."

हसणं थांबवून लोक हा दुसरा प्रश्न विचारू लागले तेव्हाच तिनं सावध व्हायला हवं होतं, असं तिला पुढे वाटत राहिलं.

ती जांबखेडला वाढली ती मामाच्या घरी. ती तीन वर्षांची असताना आई साप चावून गेली, बापानं दुसरं लग्न केलं, आणि शरणप्पा मामानं तिला खांद्यावर बसवून आजोळी आणलं. मामाला मूलबाळ नव्हतं. उमादेवी मामीनं तिला न्हाऊमाखू घातलं, मामानं शाळेत घातलं. घरात मराठी आणि कन्नड दोन्ही चालायची. मामाला राग आला की तो कन्नडमध्ये जायचा, आणि मामाला राग लवकर यायचा. त्याचा हात सुटा होता. गडी असो, दुकानदार असो, आधी थोबाडीत आणि मग बोलणं.

शिवगंगा अकरावीला असताना कमलनगरच्या बसस्टँडवर एका टवाळानं तिची ओढणी ओढली. मामा तिला घ्यायला आलेला होता. त्यानं त्या पोराला कॉलरला धरून खांबावर आपटलं, तोंडावर दोन बुक्क्या मारल्या आणि पोराचे दात रक्तात मिसळून शर्टावर सांडेपर्यंत सोडलं नाही. मग हात धुतला, तिला हॉटेलात नेलं आणि भजी खायला घातली. भजी खाताना शिवगंगाला भीती वाटली नाही. आपल्या पाठीशी असा माणूस आहे याचा अभिमान वाटला.

त्याच माणसानं तिला कडगंचीच्या विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकायला पाठवलं. भावकीतले लोक म्हणाले, पोरीला एवढं शिकवून काय करतोस. मामानं त्यांच्याशी बोलणं टाकलं. पुढं तिला एका संशोधन संस्थेत नोकरी लागली आणि ती दोन पंख्यांच्या छोट्या विमानात लेसरच्या यंत्रासमोर बसू लागली. विमानाच्या पोटाला जाड काचेची खिडकी होती. त्या खिडकीतून उजेड खाली जायचा आणि वर यायचा, आणि तिच्यासमोरच्या पडद्यावर जमिनीपासून विमानापर्यंतचा वारा रंगारंगांत उमटायचा.

त्या वर्षी संस्थेनं सीमाभागातली वादळं अभ्यासायची ठरवली. विमान कलबुर्गीच्या धावपट्टीवरून उडणार होतं. पण वरून मोजलेला वारा बरोबर आहे का, ते पडताळायला जमिनीवरही एक तळ हवा होता, तिथून फुगे सोडून वारा मोजायचा. मोकळा, उंच माळ कुठं आहे, असं विजयश्री मॅडमनी विचारलं. त्या या कामाच्या प्रमुख. शिवगंगानं जांबखेडचा माळ सुचवला. तिथं तंबू पडला, हेलियम वायूच्या टाक्या आल्या, दोन तंत्रज्ञ राहू लागले. सामान आणायला आणि तळ राखायला कमलनगरचा धोंडप्पा त्याच्या जीपसकट ठेवला गेला.

धोंडप्पा पन्नाशीचा. त्यानं उभी हयात कमलनगरहून खेड्यापाड्यांत जीप चालवण्यात घालवली होती. मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी, ज्या पॅसेंजरची जी भाषा ती तो बोलायचा. जीप जुनी होती, पण तो तिला रोज पुसायचा. शिवगंगा माळावर आली की तो आधी तिच्यासाठी दगडावर गोणपाट टाकायचा आणि म्हणायचा, "बसा अक्का. वर इमानात बसून पाय आखडले असतील."

मृग कोरडा गेला. आर्द्रा लागली तरी पेरणीजोगा पाऊस नव्हता. रोज दुपारी वायव्येला ढग चढायचे, काळे व्हायचे, गडगडायचे आणि सांजेला विरून जायचे. वादळाचा वारा मोजायचा म्हणजे ढग चढले की विमान उडायचं. गावानं पाहिलं ते एवढंच, की ढग येतात, पांढरं विमान येतं, घिरट्या घालतं, आणि ढग नाहीसे होतात. पंधरा दिवस रोज हेच पाहिल्यावर माणसाला दुसरं काही पटवून देणं अवघड असतं. त्यात कुणीतरी मोबाइलवर एक व्हिडिओ फिरवला. कुठल्याशा जत्रेतले हिरवे लेसर आभाळात नाचत होते आणि खाली लिहिलं होतं, बघा, ढग कसे कापतात. माळावरच्या टाक्यांत ढग जाळायचा वायू आहे, अशीही बोलवा उठली.

एका सुट्टीच्या दिवशी शिवगंगा मामाकडे जेवायला गेली. मामीनं भाकरी आणि तुरीचं वरण वाढलं. मामा ताटावर बसला, पण घास घेईना.

"तुमचं इमान चार दिवस बंद ठिवा," तो म्हणाला.

"मामा, इमानानं ढग जात न्हाईत. ढग येतात म्हणून आमी येतो."

"मग तुमी आल्यावर कामून जात्यात?"

"ते तसेबी जाणारच असतात. वरचा वारा कोरडा हाय. मीच मोजायले की रोज."

"तू मोज," मामा म्हणाला. "पर लोक मला काय म्हणायलेत ते तुला ठाव हाय का? पारावर गेलो की उठून जायलेत. शरणप्पाच्या भाचीनं गावचा पाऊस तोडला म्हणायलेत. तू लहान असताना ज्यांनी तुला उचलून घेतलं तेच म्हणायलेत."

"तुमी त्यांना सांगा की."

"मी सांगू?" मामानं ताट ढकललं. वरण जमिनीवर सांडलं. "मला तरी कुठं खरं ठाव हाय?"

मामी फडकं घेऊन पुसू लागली. शिवगंगा उठून तिच्या मदतीला गेली. त्या दिवशी ती न जेवताच परतली. विजयश्री मॅडमना तिनं सांगितलं की तळ तिथून हलवायला हवा. मॅडम म्हणाल्या, या आठवड्याचं काम उरकलं की हलवू.

तीनच दिवसांनी ती दुपार आली.

वायव्येला ढग नेहमीपेक्षा मोठा होता. त्याचा माथा पसरून ऐरणीसारखा झाला होता. विमान त्याच्यापासून अंतर राखून, तीन किलोमीटर उंचीवरून, जांबखेडच्या बाजूनं चाललं होतं. पुढं कॅप्टन आणि त्यांचा जोडीदार, मागं विजयश्री मॅडम आणि शिवगंगा. जमिनीवरून फुगा सुटल्याचा निरोप यायची वेळ झाली होती. निरोप आला तो धोंडप्पाच्या आवाजात. वायरलेस तो कधी हातात घेत नसे.

"अक्का, लोक आलेत. लई लोक. फुगेवाले दोघं मोटरसायकलवरनं पळाले."

"तुमी कामून थांबलात? पळा ना!"

"जीप हाय की माझी."

मागून आरडाओरडा ऐकू येत होता. काहीतरी लोखंडी वस्तू आदळली. काच फुटली. मग धोंडप्पा लोकांना सांगताना ऐकू आला, अरे, यात काही नाही, बघा, उघडून बघा, हवा हाय नुसती. कुणीतरी शिवी दिली. मग भडका उडाल्यासारखा आवाज झाला आणि धोंडप्पा ओरडला, "जीपला न्हाई रे! जीपला न्हाई!"

शिवगंगानं खिडकीतून पाहिलं. खाली लांबवर, वाळक्या माळावर, धुराची एक रेघ उठली होती. ती वायव्येला, ढगाकडे झुकलेली होती. ढग भोवतालची हवा आपल्याकडे ओढत होता म्हणून धूर तिकडे जात होता. याचा अर्थ लोक आगीच्या आग्नेयेला, धूर लागणार नाही अशा बाजूला उभे असणार. त्यांच्या मागं कडब्याच्या गंज्या होत्या आणि गंज्यांच्या मागं वस्ती. ती बाजू तिला पाठ होती.

तिनं पडद्यावर नजर टाकली. ढगाच्या पोटातून थंड हवा कोसळली होती. जमिनीवर आपटून ती चहूकडे फुटली होती आणि तिची एक आघाडी थेट जांबखेडच्या दिशेनं निघाली होती. तिच्यातल्या धुळीवरून परत आलेला उजेड पडद्यावर गडद लाल उमटत होता. डोळ्याला अजून काही दिसत नव्हतं. माळावरच्या माणसांना तर दिसणं शक्यच नव्हतं. ढगाकडे जाणारा वारा थोड्याच वेळात ढगाकडून येणार होता, आणि साधा वारा नव्हे, झाडं मोडणारा.

"मॅडम, दहा मिनिटं," ती म्हणाली. "फार तर दहा."

तिनं वायरलेस उचलला. "धोंडप्पा, नीट ऐका. वारा उलटायलाय. ढगाकडनं येणार हाय, लई जोरानं. आग लोकांच्या अंगावर येईल. सगळ्यांना डाव्या हाताच्या नांगरटीत न्या. तिथं गवत न्हाई. गंज्यांकडं पळू देऊ नका."

"व्हय अक्का," धोंडप्पा म्हणाला. आपली जीप जळताना पाहणाऱ्या त्या माणसानं दुसरा प्रश्न विचारला नाही. तो ओरडू लागला, मराठीत, मग कन्नडमध्ये, मग पुन्हा मराठीत. "वारा उलटायलाय! नांगरटीत पळा! आग इकडं येणार हाय!"

त्याच्या मुठीत वायरलेस आवळला गेला होता आणि त्याचं बटण दाबलेलं राहिलं होतं. त्यामुळे विमानात सगळं ऐकू येत होतं, पण शिवगंगाला एक शब्द खाली पाठवता येत नव्हता.

"खोटं बोलायलाय! आपल्याला हाकलायलाय!"

"कुणाशी बोलायलास रे? वर कोण हाय?"

"शरणप्पाची भाची हाय, दुसरं कोण! शरणप्पा, ऐक, तुझी भाची बोलायली वरनं!"

कुणीतरी हसलं. मग एक आवाज जवळ आला. तो आवाज ओळखायला शिवगंगाला क्षणही लागला नाही.

"वारा तुला इचारून यायलाय काय रे?" मामा ओरडला. पुढचं तो कन्नडमध्ये बोलला.

"अण्णा, शपथ घेऊन सांगतो, तुमच्याच पोरीनं सांगितलं..."

एक आवाज आला, लाकूड मडक्यावर बसावं तसा. धोंडप्पाचं वाक्य तिथंच तुटलं. दुसऱ्या फटक्याला तो कण्हला. मग "बिडब्याड! सोडू नका!" असा गलका उठला, लाथा-काठ्यांचे आवाज एकमेकांत मिसळले आणि वायरलेस बंद पडला.

शिवगंगा किंचाळली, "खाली घ्या! कॅप्टन, खाली घ्या!"

"तिथं उतरता येत नाही," कॅप्टन म्हणाले. त्यांनी पोलिसांना कळवायला कलबुर्गीला निरोप दिला आणि विमान वळवलं. विमान वळतच होतं, तेवढ्यात त्या कोसळत्या हवेची वरची कड त्यांना लागली. पायाखालची जमीन कुणी ओढून घ्यावी तसं विमान खाली गेलं. पट्टा सैल करून पुढं वाकलेली शिवगंगा छताला धडकली आणि यंत्राच्या लोखंडी चौकटीवर येऊन पडली. कपाळ फुटलं. दुसऱ्या आपटीला विजयश्री मॅडमच्या खांद्याचं हाड मोडलं, आणि त्यांच्या ओरडण्यानं इंजिनाचा आवाजही झाकला गेला. डोळ्यांत उतरलेलं रक्त पुसत शिवगंगानं खिडकी गाठली. धुराची रेघ आता उभी राहिली होती. बघता बघता ती दुसऱ्या बाजूला कलली आणि जमिनीवर लोळली. तिच्यामागून मातीची भिंत पुढं सरकत आली आणि माळ, धूर, गंज्या, माणसं सगळं त्या भिंतीत गेलं.

माळावर काय झालं ते तिला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं.

वारा आला तेव्हा लोक धोंडप्पाच्या भोवतीच होते. जीपच्या जळत्या टपाचं कापड उडून गर्दीत पडलं. वाळलेलं गवत एकदम पेटलं आणि आग माणसाच्या धावण्याहून वेगानं आग्नेयेला निघाली. थोडेच जण नांगरटीत गेले, बाकीचे लोक पळाले ते गंज्यांकडं. घर त्याच दिशेला होतं. गंज्या पेटल्या. जळत्या पेंढ्या हवेतून वस्तीवर पडू लागल्या. तापलेली एक टाकी फुटली आणि तिचा तुकडा एका माणसाच्या मांडीत घुसला. शिवय्या नावाचा म्हातारा, जो काय चाललंय ते बघायला नुसता आला होता, गंजीच्या आडोशाला बसला आणि तिथंच जळाला. अकरा जण भाजले. चार घरांचे पत्रे उडाले, दोन घरं जळाली.

शरणप्पा नांगरटीच्या बाजूला पळाला होता. तिथं पोचल्यावर त्यानं मागं वळून पाहिलं. धोंडप्पा पडला होता तिथंच होता आणि त्याच्या पायाशी गवत पेटलेलं होतं. शरणप्पा परत गेला. जळत्या गवतातून त्यानं धोंडप्पाचे पाय धरले आणि त्याला फरफटत नांगरटीत आणलं. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. धोंडप्पाचा सदरा पेटला होता, तो त्यानं भाजल्या हातांनी विझवला आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. धोंडप्पाच्या कानातून रक्त येत होतं. बिदरला नेताना वाटेतच तो गेला.

त्याच संध्याकाळी जांबखेडवर पाऊस पडला. नाले भरून वाहिले. माळावरची राख धुऊन गेली. आणि गावातले निम्मे लोक म्हणाले, बघा, मशीन जळलं आणि पाऊस आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कपाळावर टाके घातलेल्या अवस्थेत, शिवगंगा बिदरच्या दवाखान्यात मामाच्या खाटेजवळ उभी राहिली. मामाचे हात पांढऱ्या पट्ट्यांत होते. दारात पोलीस बसला होता.

"तू वर होतीस?" मामानं विचारलं.

"व्हय."

"ऐकलीस?"

"व्हय."

मामानं तोंड भिंतीकडं वळवलं. मामी कोपऱ्यात बसली होती. ती शिवगंगाच्या मागं जिन्यापर्यंत आली आणि तिचा दंड धरून म्हणाली, "गर्दी होती बाई. गर्दीत कुणाचा हात कुणाला लागला, कोण सांगावं? तू तर वर होतीस. तुला काय दिसलं?"

"दिसलं न्हाई मामी."

"मग झालं."

गावात सगळे तेच म्हणाले. गर्दी होती. धूर होता. कुणी मारलं ते पाहिलं नाही. पोलिसांनी तीसेक जणांची नावं लिहून घेतली, पण पहिला फटका कुणाचा, हे कुणीच सांगेना.

शिवगंगा कमलनगरला धोंडप्पाच्या घरी गेली. धोंडप्पाची बायको सुधारानी उंबऱ्यात बसली होती. जीप उभी असायची तिथं तेलाचा डाग होता आणि सुधारानी त्या डागाकडे पाहत होती.

"तुमीच का त्या वरच्या अक्का?" तिनं विचारलं.

"व्हय."

"शेवटी तुमच्याशीच बोलले म्हणत्यात. काय बोलले?"

शिवगंगानं सांगितलं. आधी जीपला लावू नका म्हणाले. मग मी सांगितलं तसं लोकांना ओरडून सांगत राहिले. पळा म्हणत राहिले.

"त्यांना सांगून काय फायदा झाला?" सुधारानी म्हणाली. मग, "मारला कोण? तेवढं मला सांगा. मी काही करणार न्हाई. नुसतं ठाव असू द्या."

शिवगंगा उठली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन बसली. आपण सांगितलं म्हणून धोंडप्पा ओरडला आणि ओरडला म्हणून मेला, हे तिला कळत होतं. सांगितलं नसतं तर आणखी माणसं मेली असती, हेही कळत होतं. पण त्या दुसऱ्या गोष्टीचा तिला काडीचाही आधार वाटत नव्हता. ती उठून परत उंबऱ्याशी गेली.

"माझ्या मामानं मारलं," ती म्हणाली.

सुधारानीनं तिच्याकडं पाहिलं आणि दार लावून घेतलं. शिवगंगा तिथून सरळ पोलीस ठाण्यात गेली.

खटला बिदरला उभा राहायला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात मामीनं तिचा फोन उचलला नाही. भावकीतून धमक्या आल्या. एकदा औरादच्या आठवडी बाजारात मामाच्या चुलतभावानं तिला भर गर्दीत थोबाडीत मारली. ती पडली. टोमॅटोवाल्या बाईनं तिला उठवलं. तिनं तक्रार दिली नाही, पण साक्षीतून मागंही हटली नाही.

साक्षीच्या दिवशी मामा समोर उभा होता. हातांची कातडी गुलाबी, आकसलेली. बचावाच्या वकिलांनी विचारलं, तुम्ही तीन किलोमीटर उंचीवर होता, विमानात इंजिनाचा आवाज होता, खाली शेकडो माणसं ओरडत होती, तर आवाज तुमच्या मामाचाच कशावरून?

शिवगंगा म्हणाली, "त्या आवाजानं मला लहानाचं मोठं केलंय."

"तुमचे मामा त्या माणसाला आगीतून काढायला परत गेले, हे खरं की नाही?"

"खरं आहे."

"मग ते त्याला मारतील का?"

"त्यांनी मारलं," ती म्हणाली. "मी ऐकलं."

आणि इतका वेळ हुंदका आवरून धरलेली ती तिथंच, कठड्याला धरून, रडायला लागली. न्यायाधीशांनी पाणी द्यायला सांगितलं. ती पाणी पिऊन पुन्हा उभी राहिली आणि उरलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली.

शरणप्पाला सात वर्षांची शिक्षा झाली. आणखी पाच जणांना कमी-जास्त झाली. शरणप्पानं खुनाच्या हेतूनं मारलं नाही आणि वाचवण्याचा प्रयत्न केला, हे कोर्टानं ग्राह्य धरलं.

शिवगंगानं नोकरी सोडली नाही. सोडावी असं तिला वाटलं होतं. पुन्हा विमानात बसू लागली तेव्हा कानाला लावलेल्या यंत्रातून नुसती खरखर आली तरी ती ते उतरवून ठेवायची. विजयश्री मॅडमचा खांदा वाकडा जुळला होता. त्या शेजारी बसून तिच्या मनगटावर हात ठेवायच्या. तळासाठी जागा निवडायच्या आधी आता त्या स्वतः गावात जाऊन बसायच्या आणि लोकांना यंत्र उघडून दाखवायच्या. काही गावं होय म्हणायची, काही नाही. नाही म्हटलं की निघून यायचं, असं ठरलं होतं.

निकालानंतरच्या हिवाळ्यात, तुरीची रास झाल्यावर, मामीचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही. "ऐतवारी कलबुर्गीला जायले भेटायला. तुला यायचं असंल तर ये."

तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत जाळीपलीकडं मामा येऊन बसला. त्याची बोटं वळत नव्हती. आधी तो मामीशी बोलला, शेताचं, विहिरीचं.

"धोंडप्पाच्या घरी जातीस का?" मग त्यानं शिवगंगाला विचारलं.

"जाते."

"बायको बोलती का?"

"दार उघडती. चहा करती."

"माझं नाव काढती?"

"न्हाई."

मामानं आपले हात जाळीवर टेकवले. "वकील सारखं म्हणत होता, तू त्याला काढलास, तू त्याला काढलास. मी त्याला म्हणलो, साहेब, काढलो ते नंतर. मारलो ते आधी." तो हातांकडं बघत म्हणाला, "लोक हसायलते गं. तुझं नाव घेऊन हसायलते."

शिवगंगानं जाळीच्या अलीकडून त्याच्या बोटांपाशी आपली बोटं नेली. कातडी थंड होती. मामानं बोटं काढून घेतली नाहीत, पण तिच्याकडं पाहिलंही नाही. वेळ संपल्याचं शिपायानं सांगितलं तसा तो उठला आणि मामीला म्हणाला, "पोरीला काही खायला घाल. वाळलीय."

बाहेर उन्हात दोघी बसस्टँडपर्यंत चालत गेल्या. मामीनं पिशवीतून धपाटी काढली, दोन तिच्या हातात ठेवली, दोन स्वतः घेतली. औरादची गाडी लागली. मामी पायरीवर चढली, मागं वळली.

"पुढच्या महिन्यात परत येणार हाय मी," ती म्हणाली, आणि आत जाऊन खिडकीपाशी बसली.